पर्यटकच यायचे थांबले, तर बेटावरची माणसं जगतात कशी?

ज्या बेटांचं पोटच पर्यटकांवर आहे ती कोरोनात तगली कशी आणि पुन्हा उभी कशी राहिली, असं तुम्ही विचारलंय. मला फक्त मालदीवचं सांगता येईल. तिथल्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये मी कामाला होतो आणि २०२० चं अख्खं वर्ष तिथेच काढलं.

७ मार्चला देशातले पहिले रुग्ण सापडले, तेही एका रिसॉर्टवरच. २७ मार्चपासून पर्यटकांना व्हिसा बंद. आमचे शेवटचे पाहुणे स्पीडबोटीत बसले आणि बेटावर आम्ही चाळीसेक जण उरलो. बंद बेटावर काम नसतं असं वाटेल, पण तसं नाही. रिकाम्या खोल्यांमध्ये जाऊन नळ सोडायचे, फ्लश करायचे, थोडा वेळ एसी लावायचा. नाहीतर त्या दमट हवेत गाद्यांना बुरशी धरते. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट आणि जनरेटर तर माणसं चाळीस असोत की चारशे, चालवावेच लागतात. म्हणजे कमाई शून्य आणि डिझेल चालूच.

पगार अर्धा झाला, ते एकवेळ ठीक. रिसॉर्टवर काम करणाऱ्यांची खरी कमाई सर्व्हिस चार्जची, म्हणजे पाहुण्यांच्या बिलावर लागून आमच्यात वाटल्या जाणाऱ्या पैशांची. पाहुणाच नाही म्हटल्यावर तो शून्य. माझे कित्येक सोबती बिनपगारी रजेवर गेले. जेवायला मासे मात्र भरपूर. रोज गरुधिया, म्हणजे ट्यूनाचं पातळ पाणी, वर लिंबू-मिरची, सोबत भात. मी मालवणचा; वाटपाशिवाय माशाचं कालवण गिळायला मला महिना लागला.

१५ जुलै २०२० ला देश पुन्हा उघडला. थायलंडच्या फुकेत बेटाने विलगीकरणाशिवाय पर्यटक घेतले ते त्यानंतर जवळजवळ वर्षभराने. मालदीवला हे जमलं याचं मोठं कारण तिथली जुनी रचना: एका बेटावर एकच रिसॉर्ट. विमानतळावरून बोटीने थेट बेटावर, गावाशी संबंध नाही. विलगीकरण आयतंच झालेलं. २०१९ मध्ये १७ लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये साडेपाच लाख, २०२१ मध्ये १३ लाख आणि २०२३ मध्ये १८ लाखांच्या वर. २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं भारतीय पहिल्या क्रमांकावर. जानेवारी २०२१ मध्ये भारताने कोविशिल्डचे १ लाख डोस पाठवले. लस आपल्या पुण्यातली, त्यामुळे मी किचनमध्ये उगाचच भाव खाल्ला.

पण हे आकडे बघून ‘मालदीव सावरला’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. आधी सावरले ते रिसॉर्ट. माफुशीसारख्या गावांतली गेस्टहाऊस स्थानिक माणसांची, कर्ज काढून बांधलेली. त्यांना परवानगी मिळायला १५ ऑक्टोबर उजाडला, कारण तिथे पर्यटक गावातच राहणार. आणि राजधानी मालेत एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे बांगलादेशी मजूर? संसर्ग त्यांच्यात झपाट्याने पसरला आणि काम गेल्यावर कित्येकांना मायदेशी परतावं लागलं.

गाववाले तगले ते मासेमारीवर. माझ्या ओळखीच्या एका गेस्टहाऊसवाल्याने सहा खोल्यांना कुलूप लावलं आणि भावाच्या बोटीवर, तिकडे धोणी म्हणतात, जायला लागला. पहाटे जाळ्याने बारीक मासळी धरायची, ती जिवंत ठेवायची, ट्यूनाचा थवा दिसला की पाण्यात टाकायची आणि काठीच्या गळाने एकेक मासा फळीवर आपटायचा. मिळेल त्यात प्रत्येकाचा हिस्सा. दहा वर्षं पाहुण्यांना कॉफी देणाऱ्याचे तळवे आठ दिवसांत फुटले होते. घर स्वतःचं, चुलत्याचं दुकान शेजारी, उधारी चालली. त्याच्याकडचा बांगलादेशी आचारी मात्र जूनमध्येच गेला होता. गेस्टहाऊस उघडल्यावर पहिले दोन महिने नाश्त्याची रोशी, म्हणजे तिकडची चपाती, गेस्टहाऊसवाल्याची आईच लाटत होती.