‘सत्य घटनेवर आधारित’ की ‘बेतलेला’?

प्रश्न असा आला आहे: एका चित्रपटाच्या पोस्टरवर ‘सत्य घटनेवर आधारित देशभक्तीपर चित्रपट’ अशी ओळ होती आणि घरात त्यावरून वाद झाला. ‘सत्यघटना’ जोडून लिहायचं का? ‘आधारित’, ‘प्रेरित’ आणि ‘बेतलेला’ यांत फरक काय? आणि निम्मे प्रसंग कल्पित असतील तर ‘आधारित’ म्हणणं ही फसवणूक नाही का?

लेखनाचं आधी उरकून टाकू. ‘देशभक्तीपर’ नव्हे, ‘देशभक्तिपर’. ‘भक्ती’ एकटी असताना मराठीत दीर्घ, पण असा तत्सम शब्द समासात पुढे दुसऱ्याला घेऊन आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: भक्तिभाव, बुद्धिबळ, शक्तिप्रदर्शन. ‘सत्यघटना’ जोडून लिहिलीत तर समास, तोडून लिहिलीत तर विशेषण आणि नाम. दोन्ही चालतं. एकाच पोस्टरवर वर जोडून आणि खाली तोडून असं मात्र करू नये.

‘घटना’ हा शब्दच जरा दुटप्पी आहे. तो ‘घट्’ धातूचा, आणि त्याच धातूकडून आपलं ‘घडणे’ आलं. अपघात घडतो, तसा सोनाराकडे दागिनाही घडतो. पहिल्याला कर्ता सापडत नाही, दुसऱ्याला मजुरी द्यावी लागते. राज्यघटना ही या दुसऱ्या जातीची. पोस्टरवर जी घटना सांगितलेली असते ती पहिल्या जातीची, आणि तिकीट काढून आपण बघतो ती दुसऱ्या.

आता वादाचा मुद्दा. ‘बेतणे’ हा शिंप्याचा शब्द आहे, हिंदीतल्या ‘ब्योंतना’चा भाऊ. आमच्या गल्लीत एक शिंपीकाका होते. दिवाळीच्या आधी आई कापड घेऊन जायची, तेव्हा ते लगेच कात्री लावत नसत. कापड टेबलावर पसरायचं, हाताने सुरकुत्या काढायच्या, मापाच्या वहीकडे बघत खडूने रेघा मारायच्या आणि म्हणायचं, “आधी बेतून बघतो, बसतंय का.” कधी बसायचं नाही. मग बाही आखूड व्हायची किंवा कॉलर दुसऱ्या तुकड्याची लागायची. बेतणं म्हणजे हे: अंगाचं माप घ्यायचं, पण कापड आपल्याकडे आहे तेवढंच. ‘बेत’ या शब्दातली आखणी आणि ‘बेताची परिस्थिती’तला मोजकेपणा, दोन्ही त्या टेबलावर दिसायचे.

म्हणून ‘कादंबरीवर बेतलेलं नाटक’ हा प्रयोग मला फार नेमका वाटतो. माप मूळ गोष्टीचं, शिवण आपली. सदरा म्हणजे अंग नव्हे, हे त्यात न सांगता कळतं.

‘आधारित’चा दावा याहून मोठा आहे. आधार म्हणजे ज्यावर भार टाकला आहे ते. तो काढला तर वरचं कोसळायला हवं. साधी कसोटी लावून बघा. चित्रपटातून ती खरी घटना काढून घेतली, नावं बदलली, आणि तरी नायक, खलनायक, गाणं आणि शेवटची हाणामारी सगळं जागच्या जागी उभं राहिलं, तर ते ‘आधारित’ नव्हतं. ‘प्रेरित’ तर आणखी सैल. हे कर्मणी रूप असल्याने तृतीया घेतं, ‘घटनेने प्रेरित’. ‘घटनेवर प्रेरित’ किंवा ‘घटनेपासून प्रेरित’ हे कानाला खुपतं. मुळात प्रेरणा माणसाला होते. चित्रपटाबद्दल बोलायचं तर साधं मराठी ‘घटनेवरून सुचलेला’ असं आहे, पण ते पोस्टरवर कोण छापणार!

उदाहरण हाताशी असलेलंच घेऊ. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी कोंडाणा घेतला आणि त्यात ते पडले, ही घटना पक्की. ‘गड आला पण सिंह गेला’ हे शिवाजी महाराजांचं वाक्य आपल्याला शाळेपासून पाठ असतं. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत, म्हणजे लढाईनंतर पाव शतकाच्या आसपास लिहिलेल्या मजकुरात, ते वाक्य ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. सिंह तिथे नाही. माणसालाच गड म्हटलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त भिडतं. गडाच्या बदल्यात गड, हिशेबाला हिशेब. ‘लढाईनंतर कोंडाण्याचं नाव सिंहगड ठेवलं’ ही समजूतही टिकत नाही, कारण १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच येतं.

घोरपडीचंही तसंच. सभासद सांगतो की निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले. यशवंती घोरपड आणि ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ पोवाड्याने दिलं. मग हरि नारायण आपट्यांनी १९०३ च्या सुमारास ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, आणि दहा वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्याच नावाचा बोलपट. म्हणजे घटनेवर पोवाडा, पोवाड्यावर कादंबरी, कादंबरीवर चित्रपट. शेवटच्या सदऱ्याचं माप थेट अंगावरून घेतलेलं नाही. जुन्या सदऱ्यावरून घेतलेलं आहे. असे सदरेही चांगले बसतात, आपण सगळे घालतोच. पण त्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लेबल लावलं की मधले दोन शिंपी गायब होतात, आणि माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

कल्पित प्रसंग घालावेत की नाही यावर मी भांडणार नाही. शिंप्यांकडे त्यालाही शब्द आहे: माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. “पोर वाढतंय, दोन बोटं माया ठेवतो,” असं काका म्हणायचे. कागदपत्रं जिथे गप्प असतात, तिथे लेखकाने माया ठेवावीच. तान्हाजी घरी काय बोलले ते कोणी टिपून ठेवलेलं नाही, तिथे संवाद लिहावाच लागतो. पण जिथे कागद स्पष्ट बोलतो तिथे उलट दाखवणं ही माया नव्हे, ते दुसऱ्याचं माप. ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ हा शब्द या दोन्हींना एकाच पिशवीत भरतो.

(हो, वर मी एकदा ‘तानाजी’ आणि एकदा ‘तान्हाजी’ लिहिलं. पहिलं आपल्या तोंडचं, दुसरं बखरीतलं. दोन्ही बरोबर. २०२० च्या हिंदी चित्रपटाच्या नावावरून तेव्हा बरीच डोकी तापली होती, ती उगाच.)

आता ‘देशभक्ती’. तुमच्या पोस्टरवर खरी अडचण या शब्दाची आहे आणि त्याबद्दल कोणी वादच घालत नाही. सतराव्या शतकातला मावळा ‘देशासाठी मरेन’ म्हणतो तेव्हा मला ठेच लागते. त्या काळच्या बोलण्यात देश म्हणजे घाटावरचा सपाट मुलूख. खाली कोकण, वर देश. देशस्थ आणि कोकणस्थ ही नावं त्यातूनच. ‘देशमुख’, ‘देशपांडे’ यांतला देश तर परगण्याएवढा. तेव्हा तो संवाद त्या काळच्या कानांनी ऐकला तर परगण्यासाठी मरायला निघालेला गडी दिसतो. देश म्हणजे सगळा हिंदुस्थान हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाच्या नावात तो स्वच्छ दिसतो, आणि ‘देशाभिमान’, ‘देशभक्ती’ हे शब्द त्याच काळात रूढ झाले.

याचा अर्थ मावळ्यांच्या मनात काही नव्हतं असा मुळीच नाही. त्याला त्यांचे शब्द होते: इमान, स्वामिकार्य, खाल्ल्या मिठाला जागणं, स्वराज्य. पोस्टरवर ‘देशभक्तिपर’ लिहा, कारण पोस्टर आजच्या प्रेक्षकासाठी असतं. पण पडद्यावर कड्याच्या दोराला हात घालणारा गडी ‘देशासाठी’ म्हणण्याऐवजी ‘महाराजांसाठी’ म्हणाला, तर संवादलेखकाचा एकच शब्द बदलतो आणि टाळ्या बहुधा तेवढ्याच पडतात.