आधी खेळाडू कोण ते लिही

चि. मुली,

पाच जणांच्या तुमच्या नॉमिकमध्ये, म्हणजे नियम बदलणं हीच चाल असलेल्या खेळात, एकाने स्वतःची दोन टोपणनावं खेळाडू म्हणून बसवली आणि तू विचारतेस, त्यांची मतं मोजायची का? अगं, प्रश्न मतांचा नाहीच. आधी खेळाडू कोण ते लिही.

पीटर सुबर यांनी १९८२ मध्ये हा खेळ मांडला, पण मूळ नियमांत 'खेळाडू' म्हणजे कोण हे कुठेच सांगितलेलं नाही. नियम २०७ खेळाडूला एक मत देतो, माणसाला नव्हे. त्यात ११६ म्हणतो, मनाई नाही त्याला मुभा. पहिल्या दोन फेऱ्यांत हे बोचत नाही. तिथे एकमत लागतं, ठराव अडवायला एकच मत पुरतं. तिसऱ्या फेरीपासून साधं बहुमत. पाचांचे सात झाले, बहुमताला चार लागतात आणि त्या एकट्याकडे तीन! शिवाय वाद झाला तर २१२ प्रमाणे आधीच्या पाळीचा खेळाडू न्यायाधीश असतो. टोपणनाव त्याच्या आधीच्या जागी बसलं की स्वतःचा निवाडा स्वतःच.

निवाडा मागू, असं तुला वाटतंय. माग, पण नवा न्यायाधीश जुन्याच्या निर्णयाला बांधील नसतो. म्हणून सांगतो, नियमात लिही. मला हटवादी म्हणतात, म्हणोत. व्याख्येवाचून मांडलेला प्रत्येक वाद पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

तुझा मसुदा 'टोपणनावाला मत नाही' म्हणतो. तो टिकणारच नाही. नियम १०५ अचल आहे, म्हणजे साध्या ठरावाने न बदलणारा: प्रत्येक खेळाडू मतदार. अचलाशी भांडणारा चल नियम ११० मुळे निरर्थक ठरतो. मताला हात लावू नकोस. असं लिही: 'स्वतंत्र विचार करून तो इतरांना कळवू शकणारा जिवंत माणूस म्हणजे व्यक्ती. खेळत असल्याचं सर्वांसमोर सांगणारी व्यक्ती म्हणजे खेळाडू. एका व्यक्तीला एकाहून अधिक खेळाडू होता येणार नाही.' 'माणूस' हा शब्द गाळू नकोस. आपल्या कायद्यात कंपनी आणि देवाची मूर्तीही विधिव्यक्ती, म्हणजे कायद्याने मानलेल्या व्यक्ती आहेत. १९९३ पासून चाललेल्या अगोरा या नॉमिकमध्ये तर भागीदारीलाही व्यक्ती मानण्यापर्यंत मजल गेली होती.

झालेली मतदानं उलटणार नाहीत, १०७ पूर्वलक्षी परिणाम होऊ देत नाही. त्यावर रात्री घालवू नकोस. तुझ्या पुढच्या पाळीला ठराव मांड. पडला तर तुझे १० गुण जातील. मंजूर झाला तर २०४ प्रमाणे विरोधकांना प्रत्येकी १० मिळतील, मिळू देत. तुम्ही चौघं आहात, सातात चार. आधी तिघांशी बोल, एकही फुटता कामा नये.