सेरोटोनिन वाढवणारी गोळी पहिल्याच दिवशी का लागू पडत नाही?

तुम्ही विचारलंय, नैराश्य सेरोटोनिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) कमी झाल्याने येतं, तर ते वाढवणाऱ्या गोळीला इतके आठवडे का लागतात? पंचवटीत माझं मेडिकल आहे. 'आठ दिवस घेतली, फरक नाही, बंद केली' हे काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की सविस्तर लिहितो.

'सेरोटोनिन कमी' ही कल्पना औषधावरून मागे जाऊन बांधलेली आहे. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते. मरगळलेली माणसं एकदम हसू-बोलू लागली. हे औषध सेरोटोनिन आणि तसंच दुसरं रसायन नॉरअॅड्रेनॅलिन यांचं विघटन थांबवतं, हे लक्षात आलं आणि नैराश्यात हीच कमी पडत असणार, असा तर्क निघाला. पण नैराश्यात सेरोटोनिन कमीच असतं, असा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही.

आजच्या गोळ्यांनी मेंदूतल्या दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन काही तासांतच वाढतं. वेळ लागतो तो पुढच्या कामाला. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि हिप्पोकॅम्पस या आठवणींशी जोडलेल्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. जुन्या नैराश्यात हा भाग सरासरीने थोडा लहान दिसतो. गोळी चालू राहिली की पेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, जोडण्या नव्याने बनतात. म्हणून दोन ते चार आठवडे, कधी जास्तही.

माझा धाकटा भाऊ निफाडकडे द्राक्षं करतो. त्यालाही दहाव्या दिवशी गोळ्या सोडायच्या होत्या. म्हटलं, 'एप्रिल छाटणीनंतर काडीत घड धरतो, तो तुला दिसतो कधी? ऑक्टोबर छाटणी झाल्यावरच ना? मधे कोणी बाग तोडतं का?' तो काही बोलला नाही, पण गोळी घेत राहिला. पाचव्या आठवड्यात गेलो, तर ओट्यावर बसून छाटणीच्या कात्रीला तेल देत होता. ती कात्री चार महिने खुंटीवरून हलली नव्हती. मला रडूच आलं.

पहिल्या दिवसांत मळमळ, बेचैनी होऊ शकते. ती बहुधा ओसरते. पण मरणाचे विचार आले किंवा वाढले, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारच्या टेली मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. थायरॉईड आणि बी-12 तपासलं नसेल तर डॉक्टरांना आठवण करा. थायरॉईड बिघडलं किंवा बी-12 कमी पडलं तरी माणूस असाच खचतो.