डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण मला आरशात बघवत नाही

समुपदेशनाच्या माझ्या कामात चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून एक तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत सारखी ऐकते. "वजन फार नाही हो वाढलेलं, पाच-सात किलो. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. पण मला आरशात बघवत नाही. आणि एवढ्याशा गोष्टीचं मी इतकं मनाला लावून घेते, याचीही लाज वाटते." यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शरीर बदलल्याचं दुःख असतंच, त्यावर ते दुःख होतंय याची लाज चढते. मग हा विषय कुणी थेट काढत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, कुठे जावंसं वाटत नाही, अशा तक्रारींच्या आडून तो येतो.

वृषालीताई अशाच आल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय ४६, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, शाळेत गणित शिकवतात. घरी नवरा आणि अकरावीतली मुलगी. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरल्यावर सगळ्या मिळून मिसळ खायच्या, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तो त्यांनी बंद केला होता. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "टी-शर्टात पोट दिसतं. ते थोडं कमी झालं की जाईन परत."

थोड्या वेळाने दुसरं कारण निघालं. भाच्याचं लग्न ठरलं होतं. स्वतःच्या लग्नातली पैठणी नेसायची म्हणून त्यांनी कपाट उघडलं, तर ब्लाउजचे हूक लागेनात. नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात, मला तू अशीच आवडतेस." बोलला प्रेमानंच, पण त्या रात्री त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या. मला सांगताना म्हणाल्या, "त्यांना आवडते की नाही, हे मी विचारलंच नव्हतं."

ही गोष्ट घरातल्यांनी लक्षात घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. दुखणाऱ्या माणसाला लगेच 'काही झालेलं नाही' म्हटलं की त्याचं बोलणंच खुंटतं. पहिल्या भेटीत मी त्यांना धीर दिला नाही. काय काय गेलं, एवढंच विचारलं. त्यांनी सांगितलं: पटकन जमिनीवरून उठता येणं, कुठलाही कुर्ता न बघता उचलणं, शिक्षकांच्या खोलीत 'तुम्ही अजून तशाच दिसता' हे ऐकणं. यातलं काही क्षुल्लक नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्या शरीराच्या भरवशावर आपण वावरलो, ते हळूहळू दुसरं होतं. त्याचं वाईट वाटून घ्यायला कुणाची परवानगी लागू नये.

मात्र मनाचं काम सुरू करण्याआधी शरीराची तपासणी व्हायला हवी, यावर मी अडून बसते. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब, शिवाय चालू असलेल्या गोळ्या. स्टेरॉइडनं वजन वाढतं, काही मानसोपचाराच्या औषधांनीही वाढतं, आणि ते समजून न घेता नुसतं 'स्वीकारा' म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. वृषालीताईंच्या सगळ्या तपासण्या ठीक होत्या. पाळी मात्र दोन वर्षांपासून मागेपुढे होत होती.

आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं संप्रेरकं वरखाली होत राहतात. त्यातलं इस्ट्रोजेन कमी झालं की आधी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे साठू लागते. म्हणून वजन फारसं न वाढताही 'पोट सुटलं' असं वाटतं. शिवाय तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. हे मी वृषालीताईंना कागदावर आकृती काढून समजावलं. गणिताच्या शिक्षिका असल्याने त्यांना ते रुचलं. "म्हणजे मी आळशी झाले म्हणून नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आपण कुठेतरी ढिलाई केली आणि ही त्याची शिक्षा आहे, असं त्या मनाशी धरून होत्या.

मग त्यांनी वहीच काढली. उंची १५७ सेंटीमीटर, आधीचं वजन ५४, आताचं ६०. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २४.३. "हे चांगलं की वाईट ते एकदाचं सांगा." मी लपवलं नाही. भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा, कारण तेवढ्याच वजनात आपल्याकडे पोटातली चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, मधुमेहही लवकर गाठतो. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं सांगतात. त्यांचा ८३ होता. म्हणजे लक्ष द्यायला हवं, पण यात भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. त्याचबरोबर हेही सांगितलं की या मोजमापाचं सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं, ते समाजातल्या सरासरी माणसाचा अभ्यास करताना. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं. एका बाईच्या अंगात स्नायू किती, हाडं किती, हे त्या आकड्याला कळत नाही. मोठ्या समूहाचा अंदाज घ्यायला तो उपयोगी आहे. रोज सकाळी त्यावरून स्वतःला पास-नापास करायला तो नाही.

आणि त्या रोज करत होत्या. वजनकाटा पलंगाखाली. सकाळी उठल्यावर एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. काटा ६०.८ दाखवायला लागला की रात्रीचं जेवण बंद. आपल्या शरीराचं वजन पाणी, मीठ, पाळीचे दिवस, पोट साफ होणं यांनी दिवसाकाठी एक-दीड किलो सहज इकडंतिकडं होतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेली साखर; तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे दोन दिवस उपाशी राहून 'उतरलेलं' वजन बरंचसं पाणीच असतं आणि पोळी खाल्ली की परत येतं. त्या ज्याला स्वतःचं यश-अपयश समजत होत्या, तो बराचसा पाण्याचा हिशेब होता.

रात्री न जेवता झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या डब्यातली शेव, चिवडा, फरसाण. मग अपराधीपण, मग पुन्हा उपवास. "माझ्या मनावर ताबाच नाही," त्या म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. ही धडधाकट, मनानं खंबीर मुलं. तीही दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, उदास आणि चिडखोर झाली. पोटभर जेवण सुरू झाल्यावर काहींना खाणं थांबवता येईना. उपाशी शरीर अन्नामागे धावतं, तो स्वभावाचा दोष नव्हे. आम्ही ठरवलं की तीन वेळा नीट जेवायचं, आणि चारला घरी आल्यावर बसून, ताटलीत घेऊन खायचं. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, एखादी उसळ, दही, अंडी. साठ किलोच्या बाईला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आपल्या पोळी-भाजीच्या डब्यात ती बहुधा भरत नाहीत. मटकीची मिसळ त्यांनी 'पाप' म्हणून सोडली होती. मी ती परत आणायला सांगितली. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं, आणि तेही अवघड गेलं तर काटा बहिणीकडे ठेवायचा. तो बहिणीकडेच गेला.

आरशाचं काम मात्र सावकाश झालं. माझ्या खोलीत उंच आरसा आहे. समोर उभं राहून जे दिसतं ते वरून खाली सांगायचं, पण रंग, आकार, खुणा एवढंच. चांगलं-वाईट काही नाही. पहिल्यांदा पोटापाशी आल्यावर त्या "थुलथुलीत" म्हणाल्या आणि थांबल्या. मी म्हटलं, "फळ्यावर आकृती असती तर मुलांना कसं सांगितलं असतं?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. साडीच्या निऱ्या थोड्या खाली केल्या. "बेंबीखाली गोलाई आहे. सिझेरियनचा आडवा व्रण. त्याच्यावरची कातडी बाकीपेक्षा फिकट." मग हात व्रणावर ठेवून म्हणाल्या, "हा मी कित्येक वर्षांत नीट बघितलाच नव्हता." पुढे काही भेटी हेच केलं. पोट आवडू लागलं असं झालं नाही. तशी अपेक्षाही मी ठेवत नाही, आणि 'स्वतःच्या शरीरावर प्रेम करा' असं कुणाला सांगतही नाही. ते जमलं नाही की बायकांना आणखी एक अपयश पदरी पडल्यासारखं वाटतं. त्यांच्या बाबतीत एवढंच झालं की पोटाकडे नजर गेली तरी ती तिथेच अडकून राहीना.

लोकांच्या बोलण्याचं काय, हा पुढचा प्रश्न. संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणीतरी "काय गं, तब्येत सुधारली!" म्हणतंच. आमच्या खोलीत आम्ही हा प्रसंग उभा केला. मी मावशी झाले. पहिल्यांदा त्या खुलासे देऊ लागल्या: पाळीचं आहे, थायरॉइड तपासलं, चालायला जाते. मी थांबवलं. खुलासा दिला की चर्चा वाढते. शेवटी त्यांना सोयीचं वाटलेलं उत्तर साधं होतं: "हो मावशी. तुमचा गुडघा कसा आहे आता?" ते त्या आता सहज वापरतात.

या सगळ्यात आईचा विषय अचानक आला. "अगदी आईवर गेलीस" असं कुणी म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. आईला वडील चारचौघांत 'जाडे' म्हणून हाक मारायचे, आणि आई हसायची. आई जाऊन काही वर्षं झाली. मी आईचा एखादा फोटो आणायला सांगितला, तर त्यांना सापडेना. वाढदिवस, बारसं, मुंज, सगळीकडे आई फोटोच्या बाहेर. "मला नका घेऊ, मी जाड दिसते" म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची. शेवटी एका फोटोच्या कडेला तिचा हात सापडला, पुरणपोळीचं ताट पुढे करणारा. तो फोटो पुढे धरून वृषालीताई जितक्या रडल्या, तितक्या ब्लाउजसाठी नव्हत्या रडल्या. आणि मग स्वतःहून म्हणाल्या, "माझ्या मुलीनं हल्ली रात्रीची पोळी सोडलीये. मी सोडते म्हणून."

तिथून कामाला वेग आला. घरात वजनाचा, कॅलरीचा, 'आज फार खाल्लं'चा विषय बंद. जेवण तिघांचं एकत्र. मुलीला उपदेश न करता. तिची पोळी काही आठवड्यांत परत ताटात आली. येत नसती तर मी तिला वेगळं भेटले असते, कारण मुलींमध्ये जेवण टाळणं लवकर घट्ट बसतं. इथे एक इशारा देते. खाऊन मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, वजन झपाट्यानं उतरणं, तरुण मुलीची पाळी थांबणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

यानंतर आम्ही एक यादी केली: वजन कमी झाल्यावर करायच्या म्हणून राखून ठेवलेल्या गोष्टी. पांडवलेणी, पैठणी, मैत्रिणींबरोबर कोकणची सहल, पोहणं. मी म्हटलं, यातली कुठलीही साठ किलोची बाई करू शकत नाही असं आहे का? पैठणीचं त्यांनी आधी सोडवलं. पंचवटीतल्या शिंप्यानं ब्लाउज उलटा करून बघितला. दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं माया आत सोडलेली होती. शिवण उसवली, नवी टीप मारली, काखेला एक पट्टी जोडली, आणि संध्याकाळी ब्लाउज तयार. कपाटातले न होणारे कुर्ते त्यांनी बहिणीच्या सुनेला दिले. अंगाला काचत नाहीत असे चार नवे घेतले. घट्ट कपडा दिवसभर कंबरेला टोचत राहतो आणि दर पाच मिनिटांनी पोटाची आठवण करून देतो. माझ्या मते कपडे बदलणं हा या उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि बायका तोच सगळ्यात शेवटी करतात.

पांडवलेणीला त्या परत जाऊ लागल्या आहेत. आठवड्यात दीडशे मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम डॉक्टरांनीच सांगितला होता. पाण्याच्या बाटल्या उचलण्यापासून त्यांनी सुरुवात केली. परवाच्या तपासणीत वजन ५९.५ होतं, कंबर ८१. ती उतरेल किंवा नाही उतरणार. पायऱ्या चढताना दम कमी लागतो, हे त्यांनी मला आकड्यांच्या आधी सांगितलं.

लग्नात त्या पैठणी नेसल्या. फोटो काढायची वेळ आली तेव्हा मात्र उंच जावेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मुलीनं हाताला धरून पुढे ओढलं, एका फोटोपुरतं. बाकीच्यांत त्या मागेच आहेत. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.