एका फायबरवर ६४ घरं, मग २०० एमबीपीएस येतात कुठून?

तुमचा हिशेब असा: खांबावर ६४ चा स्प्लिटर (एका फायबरचे ६४ फाटे करणारा डबा), जीपॉनचा (घरोघरी फायबर पोचवायचं तंत्र) डाउनलोड वेग २.४८८ गिगाबिट, म्हणजे घरटी ३९ एमबीपीएस. मग २०० चा प्लॅन ही फसवणूक, आणि रात्री नऊला स्पीड पडतो तो याचमुळे. भागाकार बरोबर आहे, पण केलाय चुकीच्या जागी.

स्प्लिटर वेग वाटत नाही, प्रकाश वाटतो. त्याला वीजसुद्धा लागत नाही. १:६४ च्या स्प्लिटरमध्ये सुमारे २० डीबी (प्रकाशाच्या घटीचं माप) प्रकाश कमी होतो, पण प्रत्येक फाट्यातून अख्खा २.४८८ गिगाबिटचा प्रवाह येतो. शेजाऱ्यांचा डेटाही तुमच्या ओएनटीपर्यंत (घरातला फायबरचा डबा) पोचतो. तुमचा ओएनटी आपला तेवढा उचलतो, बाकीचा सोडून देतो. (वाचता येऊ नये म्हणून एईएस एन्क्रिप्शनची सोय असते.)

खरी कसरत अपलोडला. तिथे १.२४४ गिगाबिट, आणि सगळी घरं १३१० नॅनोमीटरच्या एकाच तरंगलांबीवर बोलणार. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. म्हणून ओएलटी (कंपनीच्या टोकाचं यंत्र; त्याच्या एकेका पोर्टला असं एक फायबर) पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावतो, पण १२५ मायक्रोसेकंदांच्या फ्रेममध्ये. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे जवळच्या घराला तेवढं जास्त थांबवून सगळ्यांना जणू एकाच अंतरावर आणलं जातं. ज्याला पाठवायचं काही नाही त्याची पाळी लगेच दुसऱ्याला मिळते. आमच्याकडच्या पाटकऱ्याला हे कधी जमलं नाही!

आता रात्रीचे नऊ. फोर-के व्हिडिओला ढोबळ २५ एमबीपीएस धरा. चौसष्टही घरांनी एकदम लावला तरी १६०० होतात. म्हणजे बसतं. पोर्ट भरायला बारा-तेरा घरांनी एकाच वेळी पूर्ण २०० ओढायला हवेत.

भागाकार करायचाच तर ओएलटीच्या मागे करा. १६ पोर्टचा ओएलटी, प्रत्येकी ६४ घरं, म्हणजे १०२४. मागे १० गिगाबिटची एकच अपलिंक (ओएलटीला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन) असेल तर घरटी १० एमबीपीएससुद्धा नाहीत. माझा संशय इथे, किंवा याच्याही पुढे कंपनीने बाहेरची बँडविड्थ कमी घेतली असेल तिथे.

आधी वायफाय बाजूला ठेवा. लॅन केबल लावून पहाटे आणि रात्री नऊला स्पीड बघा, सोबत ट्रेसरूटही (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) घ्या. घराबाहेरच्या, कंपनीच्या पहिल्याच गेटवेला रात्री वेळ वाढत असेल तर गर्दी ओएलटी-अपलिंकच्या टप्प्यात. तो स्थिर राहून पुढचे सगळे टप्पे वाढले तर बाहेरच्या लिंकवर. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (घरी पोचणारा प्रकाश) उणे २७ डीबीएमच्या खाली, म्हणजे उणे २८-२९ वगैरे, दिसली तर लाइनमन बोलवा, पण तो दोष घड्याळ बघून येत नाही.

तक्रार करताना दोन्ही वेळचे आकडे द्या आणि ओएलटीची अपलिंक किती आहे, रात्री किती भरते, ते थेट विचारा. ‘तुमच्या लाइनला लाइट बरोबर आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.