मृत्युपत्र लिहिण्याआधी सातबारा बघा

भाऊ, गंगापूर रोडचा फ्लॅट आणि निफाडची द्राक्षबाग एकाच दमात मुलाच्या नावे लिहू नका. आधी सातबारा आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीची मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढा. बाग वडिलोपार्जित असेल आणि वाटणी झालेली नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर बहिणींचा हक्क तुमच्याइतकाच. मृत्युपत्रात तुम्ही फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकता. बहिणींशी आधी बोला, हे कळकळीने सांगतो.

फ्लॅटला नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी सांभाळणारा, मालक वारसच. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी कराच. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण, वाटा नसलेले घ्या. लॉकरची चावी, विम्याचे कागद कुठे आहेत, ते वहिनींना आजच लिहून द्या.