गठ्ठा सोडण्याआधी

चि. स अनेक आशीर्वाद,

मंडळाने जुन्या दप्तराच्या पेट्या तुझ्या हवाली केल्या, हे वाचून बरं वाटलं. पण 'सगळं बाहेर काढून विषयवार लावायचा विचार आहे' वाचलं आणि धसकाच घेतला.

तेवढं करू नकोस. कागद ज्या क्रमाने बांधलेत, तो क्रमही पुरावाच असतो. तक्रारीचा अर्ज, त्याखाली ठराव, त्याखाली पैसे परत केल्याची पावती असा गठ्ठा असेल, तर प्रकरण कसं मिटलं ते तो गठ्ठाच सांगतो. अर्ज एका फायलीत आणि पावत्या दुसरीत घातल्यास की तिन्ही कागद मुके. १८४१ साली फ्रान्समध्ये सरकारी परिपत्रकच निघालं: एका संस्थेचे किंवा घराण्याचे कागद एकत्र ठेवा, दुसऱ्यांत मिसळू नका. अभिलेखागारं, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्था, आजही याच नियमावर चालतात. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली. बहुतेक कागद ढिगाऱ्यातून निघाले, पण कुठला तुकडा कुठल्या गठ्ठ्यातला, हे जुळवण्यात वर्षांमागून वर्षं गेली. ते काम हौसेने कशाला ओढवून घ्यायचं?

आधी पेटी उघडल्या स्थितीत फोटो काढ. ती कोणी दिली, कुठे पडून होती, ते वहीत लिही. क्रमांक टाकायचा तो पेन्सिलीने. गंजलेल्या टाचण्या हळूच काढ. फाटलेल्याला सेलोटेप लावू नकोस, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशनचं तर नावच नको. पांढरे हातमोजे बहुतेक वेळा दिखाऊच; कागदाला स्वच्छ, कोरडे हात पुरतात. छायाचित्रांना मात्र मोजे घाल.

त्या छायाचित्रांचं काम सगळ्यात आधी. जुन्या सभासदांना दाखव, एकेका चेहऱ्याला नाव विचार, बोलणं ध्वनिमुद्रित कर. कागद थोडे थांबतील, माणसं थांबतीलच असं नाही.

स्कॅनची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालायला निघालेला एखादा उत्साही सभासद प्रत्येक मंडळात असतो, त्याच्यावर लक्ष असू दे. हयात माणसांची आजारपणं, कर्जं असलेले कागद विचारल्याशिवाय इंटरनेटवर चढवू नकोस.

आणि पेट्या देणगी म्हणून मिळाल्या की नुसत्या सांभाळायला, हे देणाऱ्यांकडून लेखी घे. मसुदा पाठव, मी बघून देईन.